कमाई, ताबा आणि बाहेरची वाट : ‘एज्युकेटेड’ या आत्मकथनाचे आर्थिक अंगाने वाचन

१. प्रस्तावना

या पाठात आपण टॅरा वेस्टओव्हर यांच्या ‘एज्युकेटेड’ या इंग्रजी आत्मकथनाचा विचार करणार आहोत. हे पुस्तक २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. आयडाहो राज्यातील एका डोंगराच्या पायथ्याशी वाढलेली, शाळेचे तोंडही न पाहिलेली मुलगी केंब्रिज विद्यापीठातून पीएच.डी. होते, अशी ही कहाणी. बहुतेक समीक्षकांनी ती शिक्षणाची विजयगाथा म्हणून वाचली. शीर्षकही तेच सुचवते. परंतु पुस्तक बारकाईने वाचले की एक दुसरा धागा हाती लागतो, तो पैशाचा. कोण कमावते, पैसा कोणाच्या हाती राहतो, कागदपत्रे कोणाकडे असतात आणि घराबाहेर पाऊल टाकायची वेळ आली तर भाडे कशातून भरायचे, हे प्रश्न या पुस्तकाच्या जवळपास प्रत्येक प्रकरणात येतात.

या पाठात आपण तोच धागा धरून पुढे जाऊ. आपला मुख्य प्रश्न असा : कडक धार्मिक शिस्तीच्या ख्रिस्ती कुटुंबात मुलगी आपल्या पायावर उभी राहायला तयार होते, म्हणजे नेमके काय होते? तिला काम करता येणे पुरेसे आहे का? तिने कमावणे पुरेसे आहे का? या पुस्तकाच्या जोडीला आपण आणखी दोन पुस्तके थोडक्यात पाहू आणि शेवटी भारतातील दोन संदर्भांकडे वळू.

२. वाचण्यापूर्वी तीन खबरदाऱ्या

पहिली गोष्ट, वेस्टओव्हर कुटुंब मॉर्मन, म्हणजे ‘लॅटर-डे सेंट्स’ पंथाचे आहे. हा पंथ स्वतःला ख्रिस्ती म्हणवतो. अनेक इतर ख्रिस्ती पंथांना ते मान्य नाही. त्या वादात आपल्याला शिरायचे नाही. लेखिकेने आरंभीच स्पष्ट केले आहे की हे पुस्तक मॉर्मन धर्माविषयी नाही, तसेच इतर कोणत्याही श्रद्धेविषयी नाही. तिचे वडील सरकार, शाळा आणि दवाखाने या तिन्हींकडे संशयाने पाहत. त्यांच्या मंडळीतील बहुसंख्य लोक तसे नव्हते. त्यांची मुले शाळेत जात आणि आजारी पडल्यावर डॉक्टरकडेही जात. त्यामुळे ‘मॉर्मन लोक असे असतात’ असा निष्कर्ष या पुस्तकातून काढणे चुकीचे ठरेल.

दुसरी गोष्ट, आत्मकथन म्हणजे न्यायालयातील साक्ष नव्हे. लेखिकेने अनेक नावे बदलली आहेत. आईवडिलांसाठी वापरलेली फे आणि जीन ही नावेही बदललेली आहेत. काही प्रसंगांत भावंडांच्या आठवणी वेगळ्या आहेत हे तिने तळटीपांतून नोंदवले आहे. आईवडिलांनी वकिलामार्फत या पुस्तकातील चित्रणावर आक्षेप घेतला आणि आईने २०२० मध्ये ‘एज्युकेटिंग’ या नावाने स्वतःचे आत्मकथन प्रसिद्ध केले. म्हणून आपण येथे जे मांडणार आहोत ते ‘पुस्तकात असे येते’ या अर्थाने घ्यावे.

तिसरी गोष्ट, आपण भारतीय वाचक आहोत. दूरच्या देशातील कडवी घरे पाहून ‘आपल्याकडे बरे आहे’ असे समाधान मानणे सोपे असते. पाठाच्या शेवटी ते समाधान कितपत टिकते ते पाहू.

३. काम करायला शिकवणारे घर

या घराची एक बाजू अनेक समीक्षकांच्या नजरेतून सुटते. मुलीला कामापासून दूर ठेवणारे हे घर नव्हते. सात भावंडांत टॅरा सर्वांत धाकटी. वडिलांचा भंगाराचा व्यवसाय होता. लहान वयातच ती लोखंड, तांबे आणि ॲल्युमिनिअम वेगळे करायला शिकली. जड यंत्रांशेजारी, कोणत्याही संरक्षक साधनाशिवाय, तिने भावांच्या बरोबरीने काम केले. पुढे केंब्रिजपर्यंत टिकलेली तिची चिकाटी याच आवारात घडली, हे पुस्तक प्रामाणिकपणे दाखवते.

अकराव्या वर्षाच्या सुमारास तिने गावातील पेट्रोल पंपावर मुले सांभाळण्याच्या कामाची जाहिरात लावली. त्या कामातून तिला घराबाहेरची माणसे भेटली. त्यांपैकी एका घरातून पियानोची शिकवणी मिळाली आणि पुढे नाच व गाणे यांचे दार उघडले. मोठी बहीण ऑड्री पंधराव्या वर्षी बर्गरच्या दुकानात कामाला लागली. म्हणजे या मुली कमावत होत्या. श्रम, काटकसर आणि स्वावलंबन ही मूल्ये या घरात ठासून भरलेली होती.

मग अडचण कोठे होती? ‘स्वावलंबन’ या शब्दाच्या अर्थात. वडिलांच्या दृष्टीने स्वावलंबन म्हणजे कुटुंबाने सरकारवर आणि बाजारावर अवलंबून न राहणे. जमिनीत पुरलेले इंधन, साठवलेले धान्य, बरण्यांत मुरवलेली फळे ही त्याची चिन्हे. कुटुंब स्वतंत्र झाले की आतील प्रत्येक व्यक्ती स्वतंत्र होते, असे ते गृहीत धरतात. वस्तुस्थिती उलट आहे. कुटुंब जगापासून जितके तुटते, तितकी आतील मुलगी कुटुंबप्रमुखावर अधिक अवलंबून राहते. एकच शब्द दोन माणसांच्या बाबतीत विरुद्ध अर्थ धारण करतो. पुस्तकातील पुढचा सारा संघर्ष या विसंगतीतून उभा राहतो.

४. कागदाचा प्रश्न

टॅराचा जन्म घरी झाला. त्याची नोंद कोठेही झाली नाही. नऊ वर्षांची झाल्यावर तिला उशिरा दिलेला जन्मदाखला मिळाला. तिची जन्मतारीख कोणती यावर घरात एकमत नव्हते. शाळेचा दाखला नव्हता, दवाखान्याची नोंद नव्हती. आयडाहोत घरी शिक्षण देणाऱ्या पालकांना नोंदणीची किंवा परीक्षेची सक्ती नाही. त्यामुळे ही मुलगी काय शिकते, किंवा शिकते तरी की नाही, हे विचारणारे कोणी नव्हते.

भारतीय वाचकाला हे चटकन समजेल. रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक यांवाचून माणसाचे काय होते हे आपण रोज पाहतो. कागद नसलेली व्यक्ती कष्ट करू शकते. पण बँकेत खाते, वाहनाचा परवाना, भाड्याची खोली, विद्यापीठातील प्रवेश यांपैकी काहीही तिला सहज मिळत नाही. मुलीच्या आर्थिक तयारीची चर्चा करताना आपण कौशल्याबद्दल पुष्कळ बोलतो, कागदांबद्दल फारसे बोलत नाही. हे पुस्तक ती उणीव भरून काढते. या घरात मुलीला अडवणारी साखळी किंवा कुलूप कोठेच नाही. अडवते ती नोंदींची अनुपस्थिती.

५. आईची कमाई

या पुस्तकातील सर्वांत गुंतागुंतीचे पात्र आई, म्हणजे फे. आपल्या विषयाच्या दृष्टीने ती टॅराइतकीच महत्त्वाची आहे.

फे जडीबुटीची जाणकार. नवऱ्याच्या आग्रहामुळे ती सुईणपण शिकते, कारण डॉक्टरांवाचून बाळंतपण करता येणे हा त्याच्या स्वावलंबनाच्या कल्पनेचा भाग असतो. आरंभी ती घाबरते. हळूहळू हात बसतो, बायका तिच्यावर विश्वास टाकू लागतात आणि तिच्याकडे पैसा येऊ लागतो. बायकांनी नोकरी करू नये असे मानणाऱ्या नवऱ्याला ही कमाई चालते, कारण ती सरकारी व्यवस्थेला बगल देणारी असते आणि घराला पैशाची गरजही असते. याच काळात घरात टेलिफोन येतो. सुईणीला निरोप मिळायला हवा, असा फेचा युक्तिवाद. त्यावर नवऱ्याला उत्तर सापडत नाही. कमाईमुळे घरातील बाईच्या शब्दाला वजन कसे येते हे लेखिका येथे दाखवते, आणि त्यासाठी मोठे भाष्य करत नाही.

पुढे एका भीषण मोटार अपघातात फेच्या डोक्याला इजा होते आणि सुईणपण थांबते. नंतर ती वनस्पतींच्या अर्कांचा व सुगंधी तेलांचा उद्योग सुरू करते. तो वाढतो आणि परिसरातील अनेकांना काम देऊ लागतो. भंगाराच्या व्यवसायापेक्षा त्याची मिळकत कितीतरी मोठी होते. आता घराची मुख्य कमावती व्यक्ती आई आहे.

सर्वसाधारण तर्काने पाहिले तर येथे परिस्थिती पालटायला हवी होती. तसे होत नाही. मोठा भाऊ शॉन टॅराला आणि ऑड्रीला मारहाण करतो, धमकावतो. टॅरा पुढे हे बोलून दाखवते तेव्हा आई आधी तिचे म्हणणे मान्य करते आणि नंतर नवऱ्याच्या बाजूला जाऊन ते नाकारते. पैसा तिचा, उद्योग तिचा, तरी निर्णय नवऱ्याचा.

येथे पुस्तक आपल्या एका आवडत्या समजुतीला धक्का देते. ‘बाई कमावती झाली की स्वतंत्र होते’ हे विधान अर्धवट आहे. कमाई हा एक भाग झाला. त्या पैशाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार हा दुसरा. आणि गरज पडल्यास त्या पैशाच्या बळावर नाही म्हणता येईल, ही स्वतःची मानसिक व धार्मिक समजूत हा तिसरा. फेकडे पहिला भाग भरपूर आहे, दुसरा अंशतः आहे आणि तिसरा जवळजवळ नाही.

या उद्योगाचा आणखी एक परिणाम आहे. घरी राहिलेल्या भावंडांपैकी बहुतेकांची उपजीविका आईवडिलांच्या व्यवसायावर चालते. शॉनविषयी कोण बोलते आणि कोण गप्प राहते, हे बऱ्याच अंशी या अवलंबनाने ठरते. ऑड्री आधी टॅराच्या बाजूने उभी राहते आणि मग मागे सरते. सात भावंडांपैकी तिघे पीएच.डी.पर्यंत पोहोचतात आणि चौघांकडे शालान्त प्रमाणपत्रही नाही, या फुटीकडे लेखिकाच लक्ष वेधते. ही फूट केवळ बुद्धीची किंवा श्रद्धेची नाही. एका बाजूला स्वतंत्र पगार आहे, दुसऱ्या बाजूला घरचा पगार. खरे बोलण्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही.

६. चार हजार डॉलरचा धनादेश

पुस्तकातील सर्वांत अर्थपूर्ण आर्थिक प्रसंग विद्यापीठातील पहिल्या काळात येतो. भाऊ टायलरच्या सांगण्यावरून टॅरा स्वतः गणित शिकते आणि एसीटी ही प्रवेशपरीक्षा देते. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाला २७ गुण लागणार असतात. पहिल्या प्रयत्नात तिला २२ मिळतात, दुसऱ्यात २८. सतराव्या वर्षी ती तेथे दाखल होते.

तेथे ती पैशाच्या विवंचनेत बुडून जाते. दात ठणकत असतो, रूट कॅनाल करावे लागणार असते आणि पैसे नसतात. तिच्या मंडळीतील बिशप (मॉर्मन पंथात हा पगारी धर्मगुरू नसून स्थानिक मंडळीची जबाबदारी सांभाळणारा गृहस्थ असतो) तिला चर्चच्या निधीतून मदत देऊ करतो. ती नाकारते. तो स्वतःचा धनादेश लिहू पाहतो. तेही ती नाकारते. मग तो सरकारी शैक्षणिक अनुदानासाठी अर्ज करायला सांगतो. सरकारचा पैसा म्हणजे सरकारची गुलामी, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली असते. बरीच घालमेल झाल्यावर ती अर्ज करते. तिच्या हिशेबाने गरज सुमारे १,४०० डॉलरची असते, धनादेश येतो ४,००० डॉलरचा. काहीतरी चूक झाली असावी असे वाटून ती कार्यालयाला फोन करते.

या प्रसंगानंतर ती जे निरीक्षण नोंदवते त्याचा आशय असा की, पैसा हाती आल्यावर पैशाखेरीज इतर गोष्टींचा विचार करता येऊ लागला. अभ्यासात लक्ष लागू लागले. पैशासाठी घरच्या भंगारात परत जाण्याची सक्ती संपली. याआधी पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात ती किराणा दुकानातील आपल्या कामावर परतली होती, तेव्हा या घरात राहायचे तर माझ्याकडे काम करावे लागेल अशी अट वडिलांनी घातली आणि तिला ती मानावी लागली होती. निवारा आणि मजुरी एकाच हाती असली की ‘नाही’ हा शब्द महाग पडतो. चार हजार डॉलरनी तो शब्द तिच्या आवाक्यात आणला.

पुढे केंब्रिजमधील एका व्याख्यानात ती तत्त्वचिंतक आयझाया बर्लिन यांची स्वातंत्र्याच्या दोन संकल्पनांची मांडणी ऐकते. बाहेरचा अडथळा नसणे हे एक स्वातंत्र्य, आणि आतील भ्रमांपासून, भीतीपासून मोकळे होऊन स्वतःचा ताबा स्वतःकडे असणे हे दुसरे. समीक्षकांनी हा प्रसंग वैचारिक प्रवासाचा टप्पा म्हणून वाचला आहे. परंतु त्याच्या आधी तो धनादेश आहे, हे विसरू नये. पहिल्या प्रकारचे स्वातंत्र्य पदरात पडल्यावरच दुसऱ्या प्रकारावरील व्याख्यान ऐकायला तिला फुरसत मिळाली.

७. पुस्तकाच्या मर्यादा

आता थोडी टीकेची बाजू. ‘एज्युकेटेड’ची रचना एकट्या व्यक्तीच्या चढाईची आहे. वाचक पुस्तक मिटतो तेव्हा त्याच्या मनात एक असामान्य मुलगी उरते. पण नीट पाहिल्यास तिच्या वाटेवर बऱ्याच संस्था उभ्या आहेत. ब्रिगहॅम यंग विद्यापीठ तिच्याच पंथाच्या चर्चचे आहे. चर्चच्या आधारामुळे तेथील शुल्क इतर खासगी विद्यापीठांच्या तुलनेत कमी असते. शाळेत न गेलेल्या मुलीला परीक्षेच्या गुणांवर प्रवेश देणारी संस्था हीच. तिला अनुदानाचा रस्ता दाखवणारा माणूस तिच्याच मंडळीचा बिशप. पुढे गेट्स केंब्रिज शिष्यवृत्तीने तिचा परदेशातील खर्च उचलला. म्हणजे जी धार्मिक परंपरा घरात तिची वाट अडवण्यासाठी वापरली गेली, तिच्याच दुसऱ्या शाखेने बाहेर पडायला हात दिला. लेखिका या गोष्टी सांगते, मात्र त्यांचा एकत्रित अर्थ लावत नाही.

याचा परिणाम असा होतो की, टॅराइतकी असामान्य नसलेल्या मुलीने काय करावे, या प्रश्नाला पुस्तकात उत्तर मिळत नाही. ज्या मुलीला एसीटीत २२ गुणच मिळाले आणि दुसरा प्रयत्न करता आला नाही, तिचे काय? ऑड्रीचे काय? ऑड्रीचे पात्र पुस्तकात मागे पडते आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी उणीव आहे. साधारण मुलीची तयारी हाच तर खरा सामाजिक प्रश्न.

दुसरीकडे, पुस्तकाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. पैसा आणि पदवी मिळाल्यावर सारे मिटले असा खोटा दिलासा ते देत नाही. आईवडील हार्वर्डला येऊन तिच्याच खोलीत राहतात आणि वडील तिला आशीर्वाद देऊन परत आणू पाहतात. ती नकार देते. त्यानंतर ती इतकी खचते की पीएच.डी. अर्धवट राहण्याची वेळ येते. २०१४ मध्ये ती पूर्ण होते. प्रबंधाचा विषय एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड-अमेरिकेच्या सहकारी विचारातील कुटुंब, नीती आणि समाजशास्त्र. कुटुंबाची व्यक्तीवर कितपत सत्ता असावी हा तिच्या आयुष्याचा प्रश्न अशा रीतीने तिच्या संशोधनातही आला.

८. तुलनेसाठी दोन पुस्तके

पहिले पुस्तक अगदी उलट टोकाचे. ॲना सोफिया बॉटकिन आणि एलिझाबेथ बॉटकिन या दोन बहिणींचे ‘सो मच मोअर’ २००५ मध्ये व्हिजन फोरम या संस्थेतर्फे प्रसिद्ध झाले. हा प्रवाह प्रॉटेस्टंट, म्हणजे वेस्टओव्हर कुटुंबापेक्षा वेगळ्या परंपरेतला. लग्न होईपर्यंत मुलीने वडिलांच्या छत्राखाली राहावे, त्यांच्या कार्याला हातभार लावावा, घर हेच तिचे कार्यक्षेत्र मानावे, अशी या पुस्तकाची भूमिका. लेखिका तरुण, वाचलेल्या आणि ठाम आहेत. बाहेरची नोकरी ही मुलीची मुक्ती नसून दुसऱ्या मालकाची चाकरी आहे, हा त्यांचा युक्तिवाद केवळ हसून सोडून देण्यासारखा नाही; नोकरीत पिळल्या जाणाऱ्या बाईला तो क्षणभर पटेलही.

पण या युक्तिवादात एक फट आहे. वडील योग्यच वागतील, आणि वडिलांनंतर येणारा नवरा जगेल, कमावेल व नीट वागेल, हे गृहीत धरल्याशिवाय तो उभा राहत नाही. आजारपण, मृत्यू, परित्याग किंवा मारहाण यांसाठी त्यात तरतूद नाही. व्हिजन फोरम मिनिस्ट्रीज २०१३ मध्ये प्रमुखाच्या राजीनाम्यानंतर बंद झाली. ज्या छत्राखाली राहायला सांगितले होते ते छत्रच मोडू शकते, हे त्या वर्षी उघड झाले.

या प्रवाहात बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाच्या ३१व्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीचा दाखला वारंवार दिला जातो. तो अध्याय तुम्ही स्वतः वाचून पाहा. ती स्त्री लोकर व ताग मिळवते, पारख करून शेत घेते, आपल्या मिळकतीतून द्राक्षमळा लावते, कापड विणून व्यापाऱ्यांना विकते. शेवटी तिच्या हातांचे फळ तिलाच द्यावे असे सांगितलेले आहे. गृहिणीचा आदर्श म्हणून वाचल्या जाणाऱ्या या मजकुरात व्यवहाराचे निर्णय घेणारी आणि आपल्या कमाईवर हक्क असणारी बाई आहे. म्हणजे मुलीला व्यवहार शिकवण्यासाठी श्रद्धा सोडावी लागते असे नाही. श्रद्धेचा ग्रंथ पूर्ण वाचला तरी पुष्कळ होते.

दुसरे पुस्तक जिल डग्गर डिलार्ड यांचे ‘काउंटिंग द कॉस्ट’ (२०२३). एकोणीस मुलांचे डग्गर कुटुंब २००८ ते २०१५ या काळात अमेरिकी दूरचित्रवाणीवरील मालिकेमुळे घराघरांत पोहोचले. जिल सांगते की मालिकेत वर्षानुवर्षे काम करूनही तिला मोबदला मिळाला नाही, आणि २०१४ मधील आपल्या लग्नाच्या आदल्या दिवशी तिने जो कागद सही केला तो करार असल्याचे तिला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे मोबदल्यासाठी तिला वकिलाची मदत घ्यावी लागली. येथे मुलीची कमाई उघड, कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांसमोर होत होती. फक्त ती तिच्या खात्यात पडत नव्हती. लक्षात घ्या, जिलने ख्रिस्ती श्रद्धा सोडलेली नाही. तिने मागितला तो हिशेब.

तिन्ही पुस्तके शेजारी ठेवली की आपल्या प्रश्नाचे उत्तर आकार घेऊ लागते. ‘सो मच मोअर’मध्ये मुलीच्या स्वतंत्र कमाईची गरजच नाकारलेली आहे. ‘काउंटिंग द कॉस्ट’मध्ये कमाई आहे, ताबा नाही. ‘एज्युकेटेड’मधील आईकडे कमाई व थोडा ताबा आहे, पण बाहेरची वाट नाही. टॅराला तिन्ही मिळतात. मात्र त्यासाठी तिला घर गमवावे लागते. मुलीला तयार करणे म्हणजे ही किंमत मोजायची वेळ येऊ नये, अशी व्यवस्था घरातच करणे.

९. भारतीय संदर्भ

आता आपल्याकडे पाहू. त्रावणकोर ख्रिस्ती उत्तराधिकार कायदा, १९१६ नुसार मृत्युपत्र न करता बाप वारला तर मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा ५,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळत असे. लग्नात स्त्रीधन दिलेले वा कबूल केलेले असेल तर तेही नाही. मेरी रॉय या सिरियन ख्रिस्ती शिक्षिकेने हे आव्हान सर्वोच्च न्यायालयात नेले. १९८६ च्या निकालाने भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ तेथेही लागू असल्याचे स्पष्ट झाले आणि मुलींना समान हिस्सा मिळाला. त्यांची कन्या अरुंधती रॉय यांच्या ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ (१९९७) या कादंबरीतील अम्मू घरच्या लोणच्याच्या कारखान्यात भावाइतकेच राबते, पण कारखाना भावाचाच मानला जातो. फेच्या तेलांच्या उद्योगाशी ताडून पाहा. आयडाहो आणि कोट्टयम यांच्यातील अंतर एकदम कमी होते.

दुसरा संदर्भ महाराष्ट्रातला आणि वेगळी दिशा दाखवणारा. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. तेथील समाजजीवनावर त्यांनी मराठीत लिहिलेले पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अनाथ मुली आणि विधवा छपाई, विणकाम अशी कामे शिकल्या. रमाबाईंची ख्रिस्ती श्रद्धा उत्कट होती, मुक्तीतील दिनक्रम प्रार्थनेने बांधलेला होता. त्या धार्मिक आवेशावर त्यांच्या हयातीतच टीका झाली आणि ती आजही होते. तरीही एवढे मान्य करावे लागते की, कडक धर्मनिष्ठा आणि बाईच्या हाताला पोटापुरते काम देणे या दोन गोष्टी त्यांनी एकाच आवारात नांदवल्या. श्रद्धा कडक असली की मुलगी परावलंबी राहणारच, हा नियम नाही. ते त्या घराने किंवा संस्थेने केलेल्या निवडीवर ठरते.

१०. समारोप

‘एज्युकेटेड’ला केवळ शिक्षणाची गाथा म्हणून वाचले तर आपण टाळ्या वाजवून मोकळे होतो. आर्थिक अंगाने वाचले तर ते आपल्यालाच काही प्रश्न विचारते. तुमच्या घरातील मुलीचा जन्मदाखला, गुणपत्रिका आणि पासबुक कोणाच्या कपाटात आहे? ती घरच्या दुकानात किंवा शेतात राबत असेल तर तिच्या नावावर काही जमा होते का? उद्या ती तुमच्याशी असहमत झाली तर एक महिना तरी स्वतःच्या बळावर काढू शकेल का? आणि तिने तसे केले, तर घराचे दार तिच्यासाठी उघडे राहील का?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. पहिल्या तिन्हींची उत्तरे कागदावर देता येतात. टॅरा वेस्टओव्हर यांच्या पुस्तकात त्यांची उत्तरे अखेर मिळतात. चौथ्याचे उत्तर देणे मुलीच्या हाती नसते, ते आईबापांनी द्यायचे असते.

स्वाध्याय

१. ‘स्वावलंबन’ या शब्दाचा वडिलांचा अर्थ आणि टॅराचा अर्थ यांतील फरक प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करा.

२. फे ही व्यक्तिरेखा ‘कमावती म्हणजे स्वतंत्र’ या समजुतीला कोणता छेद देते?

३. अम्मू आणि फे यांच्या कौटुंबिक उद्योगातील स्थानाची तुलना करा.

४. ऑड्रीच्या दृष्टिकोनातून हीच कहाणी लिहिली असती तर तिचे शीर्षक काय ठेवता आले असते? कारणांसह लिहा.